मन्या, गाडी आली

कोलंबस, ओहायो
डिसेंबर

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

नवी कॉर्व्हेट आल्याचं कळवलं तेव्हा बाकीच्यांनी रंग विचारला, किंमत विचारली. तू म्हणालास, "ऑइल कुठलं जातं?" म्हणून बाकीच्यांना फोटो, आणि तुला पत्र.

तर ऑइल ०-डब्ल्यू-४०, साडेसात क्वार्ट, म्हणजे सात लिटरच्या थोडं वर. पण गंमत पुढेच आहे. नेहमीसारखं ऑइल साठवणारं चेंबर या इंजिनाच्या पोटाखाली नाहीच. ड्राय सम्प आहे. खाली उतरलेलं ऑइल पंप लगेच ओढून घेतात आणि बाजूच्या टाकीत नेऊन सोडतात. वळणावर गाडी कितीही ओढली गेली तरी पंपाच्या तोंडाशी हवा येत नाही, आणि खालचं चेंबर वाचल्यामुळे अख्खं इंजिन आणखी खाली बसवता येतं. मात्र लेव्हल बघायची ती इंजिन गरम झाल्यावरच. थंड असताना टाकीतलं ऑइल खाली झिरपलेलं असतं, काडी कमी दाखवते, माणूस घाबरून वरून ओततो आणि मग जास्त होतं. सकाळी गॅरेजचं शटर वर केल्या केल्या डिपस्टिक उपसायची तुझी सवय इथे कामाची नाही.

नाकावर दोन झेंड्यांचं चिन्ह आहे, त्यातल्या एका झेंड्यावरचा शेवरोलेचा बो-टाय तुझ्या ओळखीचा आहे. तळेगावच्या कारखान्यातून स्पार्क आणि बीट निघायच्या, त्याच जनरल मोटर्सची, त्याच शेवरोलेची ही कॉर्व्हेट. २०१७ च्या अखेरीस त्यांनी भारतातली विक्री गुंडाळली. पुढे तळेगावात तीन वर्षं फक्त परदेशी पाठवायच्या गाड्या बनल्या आणि २०२० च्या डिसेंबरात तेही थांबलं. बीटच्या सुट्या भागांसाठी तू अजून किती जणांना फोन करतोस ते मला माहीत आहे. ही कंपनी किती चांगलं इंजिन बनवते आणि किती सहज गाशा गुंडाळते, या दोन्ही गोष्टी तुझ्याइतक्या जवळून कुणी पाहिलेल्या नाहीत. तरी मी घेतली.

का घेतली, ते सांगतो. कॉर्व्हेट १९५३ पासून बनते आहे. पहिल्या वर्षी फ्लिंटमध्ये ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. तेव्हापासून सात पिढ्या इंजिन पुढे. झोरा आर्कस-डन्टॉव्ह नावाचा त्यांचा एक इंजिनिअर होता. जन्म ब्रुसेल्सचा, आईवडील रशियन. हा माणूस इंजिन ड्रायव्हरच्या मागे न्या म्हणून कंपनीशी वर्षानुवर्षं भांडला. प्रायोगिक गाड्या बनवल्या, त्या प्रदर्शनांत मिरवल्या, आणि विकायची वेळ आली की वरून नकार यायचा. १९७५ मध्ये तो निवृत्त झाला, १९९६ मध्ये गेला. इंजिन मागे असलेली सी-८, म्हणजे कॉर्व्हेटची आठवी पिढी, जगासमोर आली २०१९ च्या जुलैत. मला ही गाडी त्या चिकाटीसाठी आवडते. आकडे नंतर आले. पण आकडे तुला हवेच असणार: ६.२ लिटर, व्ही-८, झेड-५१ नावाच्या परफॉर्मन्स पॅकेजसह ४९५ हॉर्सपॉवर, आणि शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर तीन सेकंदांच्या आत. आता हस. एवढं सगळं करून व्हॉल्व्ह मात्र जुन्या पद्धतीच्या पुशरॉडवर! कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह. अॅम्बॅसॅडर खोललेल्या माणसाला यात काही अनोळखी वाटायचं नाही.

ऑर्डर द्यायचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो आठवला की अजून रक्त तापतं. एका विक्रेत्याने छापील किमतीवर मोठी रक्कम चढवून वर "मागणीच तशी आहे" असं ऐकवलं. मी उठून दुसरीकडे गेलो. ऑर्डर लागली की तिला आकडे मिळतात: ३००० म्हणजे कारखान्याने स्वीकारली, ३८०० म्हणजे बनून तयार. रोज उठून तो आकडा बघणारा माणूस घरच्यांना किती असह्य होतो, ते आमच्या हिला विचार.

गाडी घ्यायला मी केंटकीत गेलो, बोलिंग ग्रीनला. १९८१ पासून सगळ्या कॉर्व्हेट तिथेच बनतात, आणि कारखान्याच्या जवळच कॉर्व्हेटचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. थोडे जास्त पैसे भरले तर गाडी तुमच्या गावच्या शोरूमला न जाता त्या संग्रहालयात येते आणि तिथे तुमच्या हातात देतात. झोराच्या अस्थीही तिथेच ठेवल्या आहेत. नवीन गाड्या आत ओळीने उभ्या, आणि येणारेजाणारे लोक त्या बघत फिरतात. आपल्या गाडीचा फोटो दुसरा कुणी काढतोय आणि आपण अजून किल्लीलाही हात लावलेला नाही, हा प्रकार फार विचित्र वाटतो.

तिथली एक गोष्ट तुला नक्की आवडेल. २०१४ च्या १२ फेब्रुवारीला पहाटे संग्रहालयाच्या घुमटाखालची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. त्या भागात खाली सगळा चुनखडक, पाण्याने पोखरलेला. जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा, मॅमथ केव्ह, तिथून जवळच आहे. सगळ्या गाड्या वर काढल्या, पण दुरुस्त केल्या फक्त तीन. बाकी पाच चेंदामेंदा झालेल्या अवस्थेतच ठेवल्यात आणि लोक रांग लावून त्या बघतात. मला तो निर्णय पटला. चकचकीत गाड्या काय, सगळीकडे दिसतात.

ताबा देणारे गृहस्थ निवृत्त वयाचे, अतिशय शांत. त्यांनी घाई केली नाही आणि मलाही करू दिली नाही. रंग उजेडात तिरका धरून बघायला सांगितला, दारांच्या फटी दाखवल्या, किल्ल्या दोन्ही चालवून बघितल्या. छताचा तुकडा काढून मागच्या डिकीत कसा बसवायचा ते माझ्याकडून करवून घेतलं. मग मागची काच उघडली आणि इंजिन दाखवलं. बाहेरून बघणाऱ्यालाही ते काचेतून दिसतं, पण उघडल्यावर त्याच्याशेजारी उभं राहणं वेगळं. त्यांनी बजावलं ते एवढंच: जॅक कुठेही लावू नकोस. बॉडी पत्र्याची नाही, फायबरसारख्या मिश्र पदार्थाची आहे. खाली चार ठरलेल्या जागा आहेत, तिथे गुटके बसवून मगच उचलायची. बाजूच्या पट्टीला जॅक लावला की ती तडकलीच. टायर पंक्चरचं दुकान शोधताना हे आधी सांगावं लागतं, कारण सगळ्यांना माहीत नसतं.

आता तुझा आवडता विषय, रनिंग-इन, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवणं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: पहिले ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर, इंजिन ४००० आरपीएमच्या वर न्यायचं नाही, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून निघायचं नाही, आणि एकाच वेगाने बराच वेळ चालवायचं नाही. शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण इथले हायवे एकाच वेगासाठीच बांधलेत. पहिले २०० मैल टायर आणि ब्रेकसाठीही जपायचे. नव्या टायरला पूर्ण पकड नसते. आणि १५०० मैल होईपर्यंत ट्रॅकवर जायचं नाव काढायचं नाही. हे नियम मी मोडेन अशी कंपनीला शंका असावी, कारण पहिल्या ५०० मैलांत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी स्वतःच ताकद रोखून धरते. रिंगा, बेअरिंग, गिअरचे दाते हळूहळू एकमेकांना सरावावेत, एवढाच हेतू. तू तुझ्या गिऱ्हाइकांना हेच सांगत आलास, फरक एवढाच की तुझ्या गिऱ्हाइकांवर कुणी सॉफ्टवेअर बसवलेलं नव्हतं.

म्हणून मी हायवे सोडला आणि जुना ३१-डब्ल्यू रस्ता धरला. केव्ह सिटी, हॉर्स केव्ह, मनफर्डव्हिल, एलिझाबेथटाउन. गावं लहान, सिग्नल, चढउतार, मध्येच मोकळा पट्टा. वेग आपोआप बदलत राहतो. पुढे बोनेट असं काही दिसतच नाही, रस्ता सरळ पायाशी येतो. वजनाचा साठ टक्के भाग मागच्या चाकांवर, त्यामुळे निघताना चाकं जागेवर फिरत नाहीत, गाडी सुटते. पण खरा फरक वळणावर. भरलेली घागर हात लांब करून धरून वळून बघ आणि मग तीच कडेवर घेऊन वळ. इंजिन ड्रायव्हरच्या मागे, गाडीच्या मध्याजवळ आणलं की गाडीचं तेच होतं. स्टिअरिंग फिरवलं की ती विचार करत बसत नाही. पावसात मात्र मी तिच्यावर इतका विश्वास टाकणार नाही. मागचं टोक सुटलं तर सावरायला वेळ कमी मिळतो, आणि माझे हात एवढी वर्षं पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना सरावलेले.

लुइव्हिलपासून पुढे हायवेच घ्यावा लागला. तिथे क्रूझ कंट्रोलला हात न लावता मी मुद्दाम वेग कमीजास्त करत राहिलो. मागच्या ट्रकवाल्याने मला वेडा समजला असेल.

घरी पोचलो तेव्हा दसरा दोन दिवसांवर होता. आई व्हिडिओ कॉलवर. हळदकुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू, नारळ, सगळं यथासांग. प्रश्न आला बोनेटवर स्वस्तिक काढायचा. कुंकवात बारीक खर असते, बोटाने दाबून काढलं की रंगावरच्या पारदर्शक थरावर, क्लिअर कोटवर, केसासारखे ओरखडे उठतात. आणि पुढच्या भागावर मी दगडांपासून वाचवणारी पारदर्शक फिल्म लावून घेणार होतो. तिच्यावर हळदीचा डाग बसला तर जन्माचा. आईला हे पटेना. "देवाला फिल्म लावतोस का?" म्हणाली. शेवटी स्वस्तिक पुढच्या काचेवर निघालं आणि वाटाघाट मिटली. नारळ अर्थात गाडीपासून लांब फोडला.

जपण्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. इथे लोक धुण्यापुसण्यात जीव टाकतात: दोन बादल्या, एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची, मऊ फडकी. ते मीही करतो, आणि गरम इंजिनाच्या जाळीवर पाइप धरत नाही. पण गाडी जगते ती टायर, बॅटरी आणि तेलांवर. गिअरबॉक्स आठ गिअरचा, दोन क्लचचा. हो, पायाशी क्लच नाही, सी-८ मध्ये तो पर्यायच ठेवलेला नाही. तुझा सुस्कारा ऐकू आला. त्याचा फिल्टर मात्र बाहेरून बदलता येतो, आणि सुरुवातीच्या झिजेची बारीक धातूची भुकटी त्यातच अडकते. तो वेळेवर बदलला नाही तर वरच्या पॉलिशचा काही उपयोग नाही.

टायर झेड-५१ चे, उन्हाळी. थंडीत त्यांचं रबर कडक होतं, पकड जाते, आणि फारच गारठ्यात गाडी हलवली तर रबराला चिरा पडू शकतात. त्यात इथल्या रस्त्यांवर हिमासाठी मीठ टाकतात. बॉडी गंजणार नाही, पण खालचे नटबोल्ट आणि सस्पेन्शन त्यातून सुटत नाही. म्हणून ती आता गॅरेजात. टाकी काठोकाठ, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, टायरमध्ये थोडी जास्त हवा, बॅटरीला चार्ज टिकवणारा मेंटेनर. बॅटरी पुढच्या डिकीत आहे, ती पूर्ण उतरली तर डिकी उघडायचीच पंचाईत. काही लोक दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून बंद करतात, ते मी करत नाही. एवढ्यात ऑइल तापत नाही, उलट आत ओल धरते. एवढ्याशा गोष्टीवर शेजाऱ्याशी माझा वाद झाला. तुझं मत लिही, मला त्याला दाखवायचंय.

पुढचं नाक बटणाने चाळीस मिलिमीटर वर उचलता येतं, आणि गाडी जीपीएसवर हजार जागा लक्षात ठेवते. आमच्या दारातला चढ आला की आपणहून वर होते. तळेगाव-चाकण रस्त्यावर हजार जागा एका फेरीत संपतील.

मे महिन्यात येतोयस ते नक्की ना? आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेव, विम्याचं मी इथे विचारून ठेवतो. तोपर्यंत रनिंग-इन संपलेलं असेल, ट्रॅकची मुदतही उलटलेली असेल. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. वहिनींना सांग, मागे सीट नाही. दोनच माणसं बसतात, आणि डिकी इंजिनाला लागून असल्याने आत चांगलीच तापते. परवा दुकानातून आणलेलं श्रीखंड घरी येईपर्यंत पातळ झालं होतं. तेव्हा विमानतळावर तुम्हा दोघांना घ्यायला मी जुनी होंडाच घेऊन येईन.