जागा आहे की नाही, एवढंच सांगा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

नेरुळ, नवी मुंबई
8 डिसेंबर 2025

विषय : परदेशातून वर्षाच्या मध्येच परतलेल्या मुलांचे शाळाप्रवेश

महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात मी 31 वर्षं स्टोअरकीपर होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं मी त्याच नजरेनं पाहिलंय. आमच्याकडे प्रत्येक रॅकला एक बिन कार्ड टांगलेलं असायचं. आले किती, गेले किती, उरले किती. नवा शिकाऊ पोरगासुद्धा ते वाचून सांगायचा, की अर्ध्या इंचाचे व्हॉल्व्ह 14 शिल्लक आहेत. त्यासाठी त्याला साहेबांच्या केबिनबाहेर बसावं लागत नसे.

माझा मुलगा, सून आणि दोन नातवंडं 27 जुलैला इंग्लंडहून कायमची परत आली. का आली, हा घरचा विषय आहे. माझं आणि हिचं वय हेही त्यातलं एक कारण असावं, पण मुलगा तसं म्हणत नाही. परत येतोय असा त्याचा फोन मार्चमध्ये आला आणि शाळा शोधायचं काम माझ्याकडे लागलं. मला वाटलं, सोपं आहे. नवी मुंबईत शाळांना काय तोटा? सिडकोनं सेक्टर आखतानाच शाळेचे भूखंड राखून ठेवले होते, ते भरताना मी डोळ्यांनी पाहिलेत.

मार्च ते ऑगस्ट मी 11 शाळांच्या पायऱ्या चढलो. पायऱ्या म्हणायच्या, पण सात ठिकाणी मी गेटाच्या आत गेलोच नाही. वॉचमन रजिस्टरमध्ये नाव, मोबाइल नंबर, कामाचं कारण लिहून घेतो, आत फोन लावतो आणि सांगतो, "ॲडमिशन क्लोज." कुठल्या इयत्तेचं क्लोज, हे त्याला ठाऊक नसतं. विचारलं तर वेबसाइट बघा म्हणतो. वेबसाइटवर घोड्यावर बसलेली मुलं आणि पोहण्याचा तलाव असतो, जागांचा आकडा नसतो. दोन ठिकाणी फॉर्मचे हजार-हजार रुपये घेतले आणि "कळवतो" म्हणाले. एका ठिकाणी "मुलांना समोर आणल्याशिवाय फॉर्म नाही" असं सांगितलं. मुलं तेव्हा सात हजार किलोमीटरवर वर्गात बसलेली होती.

अकरापैकी एकाही शाळेनं मला सहावीत किती जागा रिकाम्या आहेत ते सांगितलं नाही. शून्य असतील तर शून्य सांगा, मी दुसरं दार ठोठावतो. "कळवतो" या शब्दावर माणूस दोन-दोन महिने अडकून राहतो.

आता इयत्तेचं बघा. इंग्लंडात शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतं. मुलांनी वर्ष पुरं करून यावं असं कुठल्याही शहाण्या आईबापाला वाटणारच. पण तोवर इकडे सीबीएसईचे चार महिने झालेले असतात आणि राज्य मंडळाचा दीड महिना. माझी नात नोव्हेंबर 2014 ची. तिकडे 'इयर फाइव्ह' पूर्ण करून आली. वयासाठी 31 डिसेंबरची तारीख धरणाऱ्या शाळेनं तिला सहावीत बसवायचं म्हटलं. 31 मार्च धरणाऱ्या शाळेच्या हिशेबात ती पाचवीतली. दोन्ही शाळा एकाच रस्त्यावर, मध्ये एक बसथांबा. नातवाचं वेगळंच. इंग्रजांची पहिली पाच वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होते, आपली सहा पूर्ण झाल्यावर. त्यामुळे 'इयर वन' करून आलेल्या पोराला इथे पुन्हा पहिलीत बसावं लागलं. वयाच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. पण तो अजून भेटेल त्याला सांगतो, "मी फर्स्ट करून आलोय." परदेशातल्या इयत्ता आणि आपल्या इयत्ता वयाशी जुळवून दाखवणारा एक साधा तक्ता आपल्या खात्यानं काढला, तर आजोबांना तरी उत्तर देता येईल.

मग शाळा सोडल्याचा दाखला. इंग्लंडातल्या शाळा आपल्यासारखी एलसी देत नाहीत. मूल दुसऱ्या शाळेत गेलं की त्याची माहिती संगणकावरून त्या शाळेला जाते, आईबापाच्या हातात काही येत नाही. सुनेनं मागून मागून एक पत्र घेतलं. पत्र सुंदर आहे, नातीच्या चित्रकलेचं कौतुक आहे. पण त्यात जनरल रजिस्टर नंबर नाही, वर्तणूक नाही, जातीचा रकाना नाही. एका शाळेतल्या क्लार्कबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे प्रेमपत्र झालं, दाखला कुठाय?" बाई विनोदी होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी त्या पत्रावर भारतीय दूतावासाचा शिक्का मागितला. आता भारत 2005 पासून अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे सरकारी प्रमाणित कागद मानण्याच्या करारात आहे, ब्रिटन त्याच्या कितीतरी आधीपासून. तिकडच्या सरकारनं अपोस्टिल लावलं की आपल्या वकिलातीच्या शिक्क्याची गरज उरत नाही. हे मला मुलानं समजावलं आणि मी बाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तरीपण शिक्का आणा."

आम्ही पत्र परत पाठवलं. तिकडच्या वकिलानं ते साक्षांकित केलं, मग अपोस्टिल झालं, मग कुरिअरनं इथे आलं. पाच आठवडे गेले. पोरं घरात, आणि नात रोज विचारते, "आबा, व्हेन इज स्कूल?"

सगळ्यात मोठी गाठ आधारची. नात इथे जन्मलेली, भारतीय पासपोर्टवाली. तिच्या आधारवरचे बोटांचे ठसे अद्ययावत करायचे राहिले होते, ते दोन खेपांत झालं. नातू मात्र तिकडे जन्मला, ब्रिटिश पासपोर्ट आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड. नियमाप्रमाणे अशा मुलाला भारतात 182 दिवस राहिल्याशिवाय आधारसाठी अर्ज करता येत नाही. म्हणजे जुलैत आलेल्या मुलाला जानेवारी. सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात म्हटलंय, की शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही. कागदावर वाद मिटला. शाळेत नाही मिटला, आणि त्यामागचं कारण मला एका मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा कुठे कळलं.

ही आमच्या भागातली जुनी अनुदानित शाळा. मुख्याध्यापकांनी चहा मागवला, दोन्ही मुलांशी बोलले आणि म्हणाले, "आजोबा, नातवाला मी वर्गात बसवतो. पण संचमान्यतेला तो माझा विद्यार्थी नाही." शिक्षकांची पदं मंजूर होतात ती आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, डबा खातं, फळ्यावर गणित सोडवतं, पण पटाच्या त्या हिशेबात ते नसतंच. दोन-तीन मुलांनी आकडा हुकला तर त्यांच्याकडचा एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. मंत्रिमहोदय, अशा मुख्याध्यापकानं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? ज्यांनी माझ्या नातवाला घेतलं, त्यांनी ते पदरचं नुकसान सोसून घेतलं. संचमान्यतेच्या हिशेबात पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड चालेल, एवढा एक शासन निर्णय निघाला तर त्यांना तरी शिक्षा होणार नाही.

शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा मी मराठीत छापून घेतला आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचला. कलम 15 म्हणतं, मुदत उलटून गेल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारू नये. कलम 13 म्हणतं, चाळणी परीक्षा घेऊ नये आणि घेतली तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड. शाळा आता तिला परीक्षा म्हणत नाहीत, 'इंटरॅक्शन' म्हणतात. कलम 5 तर मला आमच्यासाठीच लिहिल्यासारखं वाटलं : दाखला मिळायला उशीर झाला या कारणानं प्रवेश अडवू नये. ते कलम मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा मुलानं वरची ओळ दाखवली. बदलीचा तो हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे, विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळल्यात. मी पेन्सिल खाली ठेवली. ज्या अकरा दारांवर मी उभा होतो, त्यातली नऊ त्याच वर्गातली.

मराठीचंही सांगतो. एका इंग्रजी शाळेत मला ऐकवलं, "हिला मराठी वाचता येत नाही, सहावीत कशी घेणार? मराठी कम्पल्सरी आहे." आपल्या सरकारनं 2020 साली कायदा केला आणि सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्याचा मला आनंदच आहे. पण त्या कायद्यानं शिकवायची सक्ती शाळेवर केली आहे, आधीच येत असण्याची सक्ती मुलीवर नाही. नात आजीशी घडाघडा मराठी बोलते. तिकडे घरात इंग्रजी बोललं की दंड होता, सूनबाईंचा नियम. फक्त देवनागरी हात धरून कुणी शिकवली नव्हती. आता ती सेमी इंग्रजीच्या वर्गात आहे, इतिहास मराठीतून. हडप्पा संस्कृतीचा धडा उघडला की 'संस्कृती'तल्या ऋकाराशी रोज संध्याकाळी झटापट. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याला वर्ष होऊन गेलं. अभिजात भाषेत उशिरा उतरलेल्या मुलांसाठी वर्षभराचा एखादा सेतू वर्ग असावा, हे मागणं फार नसावं.

माझी मुख्य मागणी मात्र बिन कार्डाची आहे. अकरावीचे प्रवेश आपण यंदा राज्यभर ऑनलाइन केले. त्यात कॉलेजवार जागा दिसतात. शिक्षण हक्काच्या (आरटीई) 25 टक्के प्रवेशातही शाळेचं नाव आणि जागा दिसते. म्हणजे यंत्र आपल्याकडे आहे, चालवणारी माणसं आहेत, शाळांकडून दरवर्षी पटाची माहिती घेतलीही जाते. मग दुसरी ते नववीच्या रिकाम्या जागा तेवढ्या गुपित का? दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येक शाळेनं इयत्तावार तुकड्या, भरलेल्या जागा, रिकाम्या जागा आणि प्रतीक्षा यादीची लांबी लावावी. पोर्टलवर लावावी आणि गेटावर, त्या वॉचमनच्या खुर्चीमागेही लावावी. एका तुकडीत 40 मुलं हा सीबीएसईचा साधारण दंडक मला मान्य आहे, जागा निर्माण करा असं मी म्हणत नाही. आणि ज्या संस्थांनी सिडकोकडून सवलतीच्या दरात भूखंड घेतले, त्यांना तर हा आकडा सांगायला लाज वाटू नये.

पोर्टल करताना नवी मुंबई एकच धरा, एवढी विनंती. बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पुढचंच खारघर रायगडात. मुलाला घर खारघरला मिळालं. लोकलनं एक स्टेशन. पण जिल्हा परिषदेचं कार्यालय गाठायचं तर एकाला ठाणं आणि दुसऱ्याला अलिबाग. एका शिक्षण कार्यालयात मी दोन्ही बाजूंच्या शाळांची यादी मागितली, तर समोरच्या साहेबांनी खाडीपलीकडे बोट दाखवलं. खरी खाडी त्या बाजूला नव्हतीच, पण ते जाऊ द्या.

हे वाचून कुणी म्हणेल, परदेशी राहून आलेल्यांचे हे चोचले आहेत, पैसे आहेत, टाका इंटरनॅशनल शाळेत. नेरुळला एनआरआय कॉम्प्लेक्सच्या नावाची वसाहतच उभी आहे, तेव्हा लोकांचा समज होतो यात नवल नाही. पण जुलैमध्ये एका शाळेच्या गेटावर माझ्यामागे एक ताई उभ्या होत्या. नवरा पोलीस शिपाई, नाशिकहून बदली, दोन मुलं. त्यांच्यामागे साताऱ्याहून आलेलं बँकेतलं जोडपं. तिघांनाही वॉचमननं एकच वाक्य ऐकवलं. माझ्याकडे निदान पेन्शन आणि मोकळा वेळ होता. त्या ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी आपल्याच खात्यानं शिक्षण हमी पत्रक काढलं : मूल जिथे जाईल तिथली शाळा ते पत्रक पाहून त्याला बसवून घेईल. कल्पना उत्तम आहे. फक्त तिला शहराच्या गेटावर कुणी ओळखत नाही.

सध्या डिसेंबर आहे. खासगी शाळांचे पुढच्या वर्षाचे फॉर्म निघालेत, आपण हिवाळी अधिवेशनात असाल, आणि येत्या 25 तारखेला आमच्या नव्या विमानतळावरून पहिलं विमान उडणार आहे. त्या विमानतळावर उतरून बरीच कुटुंबं सामानासह घरी येतील. त्यातल्या आजोबांनी गेटावर उभं राहण्याआधी आकडा कुठे वाचायचा, ते ठरवायला आपल्या हातात एप्रिलपर्यंतचा वेळ आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त स्टोअरकीपर, नेरुळ

ता. क. : नातवाचे 182 दिवस 24 जानेवारीला भरतात. शनिवार आहे, आधार केंद्र उघडं असतं का ते विचारून ठेवलंय. मुख्याध्यापकांनीही ती तारीख त्यांच्या डायरीत लिहून घेतली आहे.