आमच्या पद्मिनीच्या मिस्त्रीमामांना

नाशिक

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायला शेडवर आलो की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून आज चारचौघांत लिहितोय.

आमची पद्मिनी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी गाडी, १९८४ ची. बाबांची नोकरी रत्नागिरीला होती तेव्हा ती बरीच वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी होती. नाशिकला आली तेव्हा वरून दिसायचं ते एवढंच, की मागच्या चाकांच्या कमानीवर कलर थोडा फुगलाय. एका गॅरेजवाल्याने तर "घासून पुट्टी मारू, आठवड्यात गाडी न्या" असं सांगून टाकलं होतं.

अंबडला तुमच्या शेडवर तुम्ही आधी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलंत. कमानीवर ते धरेचना, कारण कलरखाली पत्रा नव्हताच, जुनी पुट्टी होती. मग दारांखालच्या बॉक्सवर, म्हणजे पत्र्याच्या पोकळ तुळईवर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलात. टणटण वाजता वाजता एके ठिकाणी भद्द आवाज आला. तिथे टोक दाबलंत तर ते सरळ आत, आणि खाली गंजाचा लाल चुरा. बाबांचा चेहरा उतरला. तुम्ही त्यांना शेजारी बसवून समजावलंत, की या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते. हा बॉक्स म्हणजे तिचा कणा, तो लिंपून भागत नाही.

आणि लगेच कटर चालवला नाहीत. आधी दारांच्या चौकटींत पाइप वेल्ड करून आधार दिलात, नाहीतर बॉडी मधून बसते आणि दारं पुन्हा जागेवर लागत नाहीत. एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावला नाहीत. आज आमची चारही दारं अलगद लागतात, ती त्यामुळे.

शाबूत पत्रा वायर ब्रशने घासून तुम्ही फॉस्फोरिक ॲसिड लावलंत. खड्ड्यांत चिकटून राहिलेल्या गंजाचं त्याने फॉस्फेट होतं, हे मला तुमच्याकडून कळलं. मग धुणं, पूर्ण सुकवणं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. उघडा पत्रा दमट हवेत रातोरात लालसर होतो, म्हणून आषाढाची झड लागली तेव्हा तुम्ही काम सरळ बंद ठेवलंत. हातात दुसरं काम नसतानाही! ही गोष्ट मी विसरणार नाही.

पण मामा, सगळ्यात जास्त आभार वॅक्सचे. सांध्यांना सीलर लावून, कलर झाल्यावर, लांब नळीने तुम्ही बॉक्सच्या आत गंज रोखणारं वॅक्स मारलंत, तळाच्या भोकांतून ठिबकेपर्यंत. ते कुणाला दिसणार नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. नंतर माझ्या मुलीच्या हातात तार देऊन एकेक भोक तिच्याकडून मोकळं करून घेतलंत. "ही बुजली की पाणी आत साचतं आणि गाडी आतून सडते. पावसाळ्याआधी बघायचं, हे काम तुझं," म्हणालात. यंदा मे महिन्यात तिने न सांगता तार काढली. दारांच्या खालची भोकंही तपासली.

दिवाळीआधी गाडी वर उचलून खालून एकदा बघू म्हणाला होतात. घेऊन येतो. बाबाही येणार म्हणतायत.

आपला ऋणी,
पद्मिनीवाला