अकरापैकी दहा पुरुष होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अ‍ॅनिमेमधल्या, म्हणजे जपानी चलच्चित्रमालिकांमधल्या, उडत्या नायिकांवर लेख आला, याचा आनंद आहे. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अख्खे पान क्वचितच मिळते. पण ‘स्ट्राइक विचेस’ या मालिकेने दुसऱ्या महायुद्धातल्या महिला वैमानिकांना मानवंदना दिली, हे त्यातले मुख्य विधान चुकीचे आहे. ही मालिका २००८ साली जपानी दूरचित्रवाणीवर आली. तिच्यातल्या ५०१व्या तुकडीत अकरा मुली आहेत आणि त्यांतल्या दहा जणी पुरुष वैमानिकांवरून बेतलेल्या आहेत. खऱ्या स्त्री वैमानिकावरून घेतलेली एकटी सान्या लित्व्याक, तीही सोव्हिएत वैमानिक लिडिया लित्व्याकवरून.

कोण कुणावरून आले हे शोधणे फार अवघड नाही. युरोपीय आणि अमेरिकी पात्रांची आडनावे तशीच ठेवली आहेत, पहिले नाव तेवढे बदलले आहे. एरिका हार्टमन म्हणजे जर्मनीचा एरिश हार्टमन, ३५२ विमाने पाडल्याची नोंद असलेला. गर्ट्रूड बार्कहॉर्न म्हणजे गेरहार्ड बार्कहॉर्न, नोंद ३०१ विमानांची. पेरीन क्लोस्टरमन, फ्रान्चेस्का लुक्किनी, मिन्ना विल्के यांची मुळे याच वाटेने पियेर क्लोस्टरमन, फ्रांको लुक्किनी आणि वोल्फ-डीट्रिश विल्के यांच्यापर्यंत जातात. जपानी पात्रांची मात्र आडनावेही बदलली आहेत. तिथे जन्मतारीख पाहावी. साकामोतो मिओचा वाढदिवस २६ ऑगस्टला, तोच जपानी वैमानिक साकाई साबुरोचा. मिओच्या उजव्या डोळ्यावर पट्टी असते. साकाईचा उजवा डोळा ७ ऑगस्ट १९४२ रोजी पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटावरच्या लढाईत निकामी झाला. समोरची विमाने लढाऊ आहेत असे समजून तो मागून जवळ गेला. ती निघाली बॉम्बफेकी, मागच्या बाजूला तोफची बसलेली. डोक्याला गोळी लागलेल्या अवस्थेत जवळजवळ पावणेपाच तास विमान चालवून तो रबाऊलच्या तळावर परतला. असा माणूस पट्टीच्या रूपाने पात्रात उतरतो, ही या चित्रकारांची खरी हातोटी आहे.

नायिका मियाफुजी योशिका ही जपानी वैमानिक मुतो कानेयोशीवरून. त्याचा जन्म १८ ऑगस्ट १९१६ चा, आणि लिडिया लित्व्याकचा १८ ऑगस्ट १९२१ चा. मालिकेत योशिका आणि सान्या या दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि त्यावर पहिल्या पर्वात एक भागही आहे. ती कल्पना लेखकाने हवेतून काढलेली नाही, हे आपल्या लेखात यायला हवे होते. जन्मतारखेची ही खूण सगळीकडे चालत नाही. लिनेट बिशप ज्याच्यावरून घेतली तो कॅनडाचा बिली बिशप पहिल्या महायुद्धातला, आणि दोघांचे वाढदिवसही जुळत नाहीत.

तिसरी खूण विमानाची. या मुली पायांत जी यंत्रे चढवून उडतात ती खऱ्या विमानांवरून रेखाटलेली आहेत. शार्लोट येगरच्या पायांत पी-५१ हे लढाऊ विमान आहे आणि अमेरिकेचा चक येगर युद्धात पी-५१ चालवत होता. तिचा ध्वनिवेग ओलांडण्याचा ध्यासही त्याचाच: १४ ऑक्टोबर १९४७ रोजी बेल एक्स-१ या प्रायोगिक विमानातून ध्वनिवेगापलीकडे गेला तेव्हा त्याच्या दोन बरगड्या मोडलेल्या होत्या. पण फक्त विमानावरून ओळख ठरवू गेल्यास फसगत होते, आणि सर्वांत मोठी फसगत सान्याच्याच बाबतीत होते.

सान्या रात्रीची पहारेकरी आहे, तिचे यंत्र सोव्हिएत मिग गटाच्या आय-२२५ या प्रायोगिक विमानावरून घेतलेले आणि हातात नऊ नळ्यांचे रॉकेट. लित्व्याक दिवसा लढणारी. तिचे विमान याक-१, प्रोपेलरच्या मधून गोळे सोडणारी २० मिलिमीटरची तोफ असलेले. ‘रात्रीच्या चेटकिणी’ हे नाव जर्मन सैनिकांनी दिले ते ५८८व्या बॉम्बफेकी रेजिमेंटला. त्या मुली प्लायवूड आणि कापडाच्या पो-२ विमानांतून, लक्ष्याजवळ इंजिन मंद करून, अंधारात बॉम्ब टाकत. लित्व्याक त्या रेजिमेंटमध्ये कधीच नव्हती. ती सोव्हिएत वैमानिक मारिना रास्कोवाने उभ्या केलेल्या ५८६व्या लढाऊ रेजिमेंटमधली आणि सप्टेंबर १९४२ पासून स्टालिनग्राडच्या आघाडीवर पुरुषांच्या रेजिमेंटमध्ये लढलेली. मालिकेने दोन वेगळ्या तुकड्या एका मुलीत मिसळल्या आणि आपल्या लेखाने ती सरमिसळ इतिहास म्हणून छापली.

सान्याचे वडील संगीतकार आहेत, त्यांनी तिच्यासाठी गाणे रचले आहे. लिडियाच्या वडिलांना १९३७ मध्ये अटक झाली आणि स्टालिनच्या राजवटीने त्यांना गोळ्या घातल्या. ती स्वतः १ ऑगस्ट १९४३ रोजी डोनबास भागातल्या मिउस नदीच्या आघाडीवरून परतली नाही. बाविसावा वाढदिवस सतरा दिवसांवर होता. मृतदेह न मिळाल्यामुळे ती शत्रूच्या हाती लागली असावी अशी शंका घेतली गेली आणि ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब तिला थेट १९९० मध्ये मिळाला.

आणखी एक गोष्ट लेखात सुटली, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. मालिकेत शत्रू परग्रहवासीयांसारखा, ‘न्यूरोई’ नावाचा. त्यामुळे सर्व देशांच्या मुली एकाच बाजूला येतात. सान्याची जिवलग मैत्रीण आयला ही फिनलंडच्या इल्मारी यूतिलाइनेनवरून घेतलेली. तो ९४ विजयांचा वैमानिक सोव्हिएत विमानांविरुद्धच लढला. हार्टमनचे बहुतेक बळी सोव्हिएत होते. लित्व्याक नाहीशी झाल्यानंतर तीनच आठवड्यांनी, २० ऑगस्टला, त्याच डोनबास भागात हार्टमन खाली उतरला, सोव्हिएत सैनिकांच्या हाती सापडला आणि निसटला. हा माणूस नाझी जर्मनीच्या हवाई दलात होता. मालिका पाहून तो आवडू लागलेल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवे. मालिका आवडावी, ती सुंदर आहेच. पण ज्या वर्तमानपत्राने खऱ्या माणसांची नावे छापली त्याने त्यांच्या बाजूही छापाव्यात.

पुढील पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल तर प्रत्येक पात्रासोबत चार गोष्टी द्याव्यात: मूळ वैमानिकाचे नाव, देश, त्याने प्रत्यक्ष चालवलेले विमान, जन्म-मृत्यूच्या तारखा. पाडलेल्या विमानांचे आकडे देताना ‘नोंदीनुसार’ हा शब्द वगळू नये, कारण हवेत धूर सोडत गेलेले विमान पडलेच असे नसते आणि एकाच विमानावर दोघांनी दावा केल्याची उदाहरणे सर्वच देशांत आहेत. लित्व्याकच्या खात्यावरचा आकडाही संदर्भागणिक बदलतो. तिच्या विमानावर पांढरी लिली रंगवलेली होती, ही गोष्टसुद्धा वादग्रस्त आहे. ती चित्रासह छापू नये. आणि जागा उरली तर येकातेरिना बुदानोवाचे नाव जरूर घालावे. ती लित्व्याकची सहकारी, तीही याक-१ चालवणारी, १९ जुलै १९४३ रोजी लढताना मारली गेली. ५०१व्या तुकडीतली एकही मुलगी तिच्यावरून घेतलेली नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर