पेटी अजून कुणाच्या हातात देऊ नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

आप्पांची हार्मोनियम, आपली पेटी, दुरुस्तीहून बिघडून आली म्हणून काल फोनवर तू रडत होतीस, तेव्हा मी फार काही बोलले नाही. तुझे बाबा तर लगेच पायात चपला घालून पुण्याला निघाले होते, दुकानदाराशी भांडायला. त्यांना चहा देऊन बसवलं. आता सकाळी शांतपणे लिहिते आहे.

आधी एक सांग. पेटी घरी आणल्यापासून दुसऱ्या कुणाला दाखवलीस का? नसशील तर दाखवू नकोस. तुझ्या क्लासमधल्या त्या मुलाने "मी बघतो जरा" म्हटलं तरी नको. दुसऱ्याचा हात लागला की पहिल्याने काय केलं ते कायमचं पुसलं जातं. मग तो म्हणायला मोकळा, की माझ्याकडून नीट गेली होती.

दार लावून, उजेडात बसून तूच ती उघड. आप्पा दिवाळीच्या आधी उघडायचे तेव्हा तू शेजारीच बसलेली असायचीस, तुला येतं. सुरांची फळी, म्हणजे आवाज काढणारे पितळी जिभांचे सूर जिच्यावर बसवलेले असतात ती, उलटी करून नुसती बघ. साडेतीन सप्तकांची खर्ज-नर पेटी, प्रत्येक पट्टीला खर्जाचा एक आणि नराचा एक सूर, म्हणजे बेचाळीस पट्ट्या आणि चौऱ्याऐंशी सूर. एकेक बघायला तास जाईल, जाऊ दे. जुनं पितळ काळपट तपकिरी झालेलं असतं. त्यावर नुकतं खरवडलं असेल तर तेवढीच जागा पिवळी धमक दिसेल. सूर चढवायचा तर टोकाकडे खरवडतात, उतरवायचा तर बुडाकडे, जिथे तो रिबिटने धरलेला असतो तिथे. एखाद्या सुरावर दोन्हीकडे ओरखडे असतील तर समज, आधी चढवला, मग जास्त झाला म्हणून उतरवला. असा सूर पातळ होतो. तू "आवाज कागदासारखा झालाय" म्हणालीस ना, ते यामुळे असू शकतं.

आणि संपूर्ण सूरच नवा चकचकीत असेल, ठसा वेगळा असेल, तर गोष्ट निराळी. आप्पांच्या पेटीत जर्मन सूर होते. तसले आता नवे येत नाहीत, जुन्या पेट्या मोडतात तेव्हाच त्यातून निघतात. गुजरातेत पालिताण्याला सूर बनतात आणि त्यातले चांगले चांगलेच असतात, पण न विचारता जर्मन काढून ते बसवणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. खरवडणं हा अडाणीपणा, बदलणं ही लबाडी. दोघांशी बोलायची भाषा एक नसते, म्हणून आधी हे कळायला हवं.

तिसरी शक्यता मला रात्री झोपताना सुचली, आणि त्यात चूक आपली आहे. आप्पांनी ती पेटी काळी एकला सा धरून गांधार ट्यूनिंगमध्ये, म्हणजे त्या सा शी शुद्ध जुळणाऱ्या स्वरांत, लावून घेतली होती. तिचा गांधार मोबाईलमधल्या यंत्राच्या गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने उतरलेला. दुकानातल्या पोराने ॲप लावलं असणार, त्याला तो गांधार बेसूर दिसला असणार, आणि त्याने इमानदारीत "सुधारला" असणार. आपण भाता गळतो आणि दोन पट्ट्या अडकतात एवढंच सांगितलं. सुरांना हात लावू नका, हे तूही बोलली नाहीस आणि मीही तुला बजावलं नाही. पेटीचे स्वर आपल्या गाण्याला जुळत नाहीत म्हणून रेडिओने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं, त्यावर आप्पा म्हणायचे, "त्यांनी माझा गांधार ऐकला असता तर आत घेतलं असतं." तो गांधार गेला याचं मला जास्त लागलंय, पितळाचं कमी.

फोटो काढ. प्रत्येक ओळीचा, जवळून. पावतीचाही, मागची बाजू धरून. मागे छापलेलं असेल, "नुकसानीस दुकान जबाबदार नाही." त्याला घाबरू नकोस. बावीस वर्षं मी वकिलांच्या नोटिसा टाइप केल्या आहेत. ती ओळ म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे, हे साहेब दर दुसऱ्या पक्षकाराला सांगायचे. दुरुस्तीला दिलेली वस्तू माणसाने स्वतःची सांभाळेल तशी सांभाळायची, हे 1872 च्या करार कायद्यातच आहे. आणि गुरुपौर्णिमेला तू मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग आहे ना, ते आधी दुसरीकडे साठवून ठेव. पेटी आधी कशी वाजत होती याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

मग दुकानात जा. शनिवारी संध्याकाळी गर्दीत नको, सकाळी दुकान उघडताना. पोराशी नाही, मालकाशी बोल. चोरी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. एवढंच म्हण, "काढलेले जुने सूर परत द्या." पुष्कळदा ते तिथेच एखाद्या डब्यात पडलेले असतात आणि माणूस मुकाट्याने काढून देतो. चोर म्हटलंस की तो डबा सापडायचा नाही. तिथे झालेलं बोलणं घरी येऊन त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, सभ्य शब्दांत, तारखेसह. परत त्याच्याकडेच दुरुस्तीला देऊ नकोस, तो कितीही "फुकट करून देतो" म्हणाला तरी. ज्याने पातळ केलं तो जाड करू शकत नाही.

नंतर दुसऱ्या कारागिराचं मत घे. इथे एक अडचण येते. तोंडाने सगळे सांगतात, "अहो, वाट लावली आहे," पण लिहून कुणी देत नाही, धंद्यातलाच माणूस असतो. त्याला कुणी केलं हे लिहायला सांगूच नकोस. आज पेटीची स्थिती काय आणि नीट करायला खर्च किती, एवढ्या दोन ओळी माग. त्या बहुतेक मिळतात.

त्यानेही जमलं नाही तर 1915 या नंबरला फोन, ग्राहकांची हेल्पलाइन. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तू राहतेस तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. वकील लागतोच असं नाही. मसुदा मी करून देईन. पण खरं सांगू, तिथवर जाऊ नये असं वाटतं. पैसे मिळतीलही, पण तारखांच्या मागे तुझा रियाज जाईल.

बाबा म्हणतात मी दुकानदाराची बाजू घेते. घेत नाही. त्याने सूर बदलले असतील तर मी स्वतः येऊन त्याच्या काउंटरवर बसेन.

रविवारी पहिल्या एसटीने येतेच आहे. काल रात्री आप्पांच्या चष्म्याची डबी उघडली. त्यात कापसात गुंडाळलेला एक सूर आहे, जीभ तुटलेला. कधीतरी बदलला असणार आणि टाकवला नसणार. बुडाशी ठसा स्पष्ट आहे. तुझ्या फळीवरच्या सुरांशी ताडून बघू. घेऊन येते.

तुझी,
आई