‘दोन पूर्णपणे स्वतंत्र चॅनेल’ असं छापून विकलेल्या कॉम्प्रेसर पेडलबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि उत्पादन विभाग

विषय: वरीलप्रमाणे. तक्रारीचं तिकीट तुम्हीच बंद केलं आहे, म्हणून क्रमांक देत नाही.

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लिहायला बसलो. नमस्कार-चमत्कार राहू द्या.

माझ्याकडे तुमचं दोन चॅनेलचं कॉम्प्रेसर पेडल आहे, म्हणजे वाद्याच्या आवाजातले चढउतार आवरणारं यंत्र. कुठलं ते तुम्हाला कळेल, कारण दोन चॅनेलचं तुम्ही एकच बनवता. खोक्यावर, वेबसाइटवर आणि माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक छापलंय, ‘दोन पूर्णपणे स्वतंत्र चॅनेल’. त्या ओळीसाठी मी साडेचौदा हजार रुपये मोजले. नाहीतर साधा एका चॅनेलचा कॉम्प्रेसर निम्म्या किमतीत मिळत होता.

मी चॅपमन स्टिक हे तारवाद्य वाजवतो. एमेट चॅपमन यांना दोन्ही हातांनी तारा ठोकून वाजवायची ही पद्धत 1969 मध्ये कॅलिफोर्नियात सापडली आणि 1974 पासून हे वाद्य विकलं जातंय. टोनी लेविन 1981 मध्ये किंग क्रिमसन या रॉक बँडमध्ये आले आणि तिथे ते वाजवू लागले. एवढं सांगायचं कारण म्हणजे तुमच्याकडच्या पहिल्या मुलीने मला ‘असं वाद्य आमच्या सिस्टममध्ये दिसत नाही सर’ असं सांगून फोन ठेवला होता. पन्नास वर्षं झाली. सिस्टम अपडेट करा.

दहा तारांच्या स्टिकवर पाच तारा मेलडीच्या, पाच बेसच्या. नखी नाही, छेडणं नाही. बोट फ्रेटमागे (पडद्यामागे) आपटलं की त्याच आघाताने तार बोलते. म्हणजे आवाज किती मोठा येणार हे सगळं बोटाच्या ताकदीवर. पहिलं बोट दणकट, करंगळी बिचारी. म्हणून या वाद्याला कॉम्प्रेसर लागतो, हौस म्हणून नाही. जोरात पडलेला सूर जरा दाबायचा, हळू पडलेला वर आणायचा, इतकंच काम. बेस आणि मेलडी वेगवेगळे बाहेर येतात, कारण दोघांच्या गरजा वेगळ्या. बेसच्या सर्वांत खालच्या सी या सुराची कंपनसंख्या साधारण 33 हर्ट्झ, त्याचं एक आवर्तन 30 मिलिसेकंदांचं. तिथे अटॅक (आवाज दाबायला घेतलेला वेळ) आणि रिलीज (तो सोडायला घेतलेला वेळ) दोन्ही अगदी कमी ठेवले तर कॉम्प्रेसर आवाजाच्या चढउताराऐवजी लाटेलाच धरून बसतो आणि बेस घरघरतो. मेलडीला मात्र अटॅक झटपट हवा. म्हणून दोन चॅनेल. म्हणून स्वतंत्र.

प्रत्यक्षात तुमच्या पेडलवर नॉब दोन जोड्या आहेत आणि गेन, म्हणजे आवाजाची वाढ, किती कमी करायची हा निर्णय मात्र आत एकाच ठिकाणी होतो. डाव्या हाताने खालचा सी वाजवला की दोन्ही चॅनेलचे लाल दिवे एकदम लागतात, आणि उजव्या हाताने धरलेली मेलडी धाडकन खाली जाऊन हळूहळू वर येते. खालच्या मजल्यावर पाण्याची मोटर सुरू झाली की वरच्या घरातला दिवा मिणमिणतो, तसं. हे मला आधी कळलं नाही, आमच्या तबलजींना कळलं. मध्यलय तीनतालात साथ करत होते, थांबून म्हणाले, ‘अरे, तुझा सूर दर समेला का रे बसतो?’ बरोबर आहे. समेवर मी बेस देतो. जिथे सूर उठून दिसायला हवा, नेमका तिथेच तुमचं पेडल त्याचा गळा धरतं. तबलजींनी कधी कॉम्प्रेसर हातात घेतलेला नाही, तरी एका बैठकीत दोष पकडला. तुमच्या तांत्रिक विभागाला अजून पत्ता नाही.

माझ्या कानांवर विश्वास नको म्हणून पुरावाही पाठवला. पहिल्या चॅनेलला फक्त बेस, दुसऱ्याला फोनवरच्या ॲपचा तानपुरा. तानपुऱ्याला मी हातही लावलेला नाही. बेस वाजवला की तानपुरा दबतो, सोडला की वर येतो. रेकॉर्डिंगमध्ये शेंबड्या पोरालाही ऐकू येईल. तुमचं उत्तर आलं, ‘तानपुरा हे वाद्य या उत्पादनाच्या सुसंगतता यादीत नाही.’ आणि खाली, सर्व नॉब बारा वाजता, म्हणजे मधोमध, ठेवून पाहा. ठेवले. तानपुरा बारा वाजताही दबतो.

आता आजचा फोन. हा पूर्णच सांगतो, कारण तुमच्याकडे कॉल ‘प्रशिक्षणासाठी’ रेकॉर्ड होतात म्हणे. या कॉलवरून कोणाला काय प्रशिक्षण देणार आहात ते मला खरंच ऐकायचंय.

बराच वेळ बासरीची तीच ती धून ऐकल्यावर एक गृहस्थ आले. वाद्य समजावून घेतलं. मग विचारलं, ‘म्हणजे सर, तुमचे दोन्ही हात गळ्यावर?’

‘हो.’

‘मग तार कोण छेडतं?’

‘कोणी नाही. दाबली की वाजते.’

‘हां, हॅमर-ऑन!’

गिटारवर बोट आपटून सूर काढण्याला हेच म्हणतात. इथे मला आशा वाटली. वाटलं, चला, एक तरी गिटार वाजवणारा भेटला. ते म्हणाले, सीनियरला विचारून येतो. पुन्हा बासरी. परत आले ते एकदम खुशीत. ‘सर, सोल्यूशन मिळालं. एका वेळी एकच हात वाजवा. दोन्ही हात एकदम वापरले की पेडलवर लोड येतो.’

मी म्हटलं, ‘अहो, पेटीवाल्याला भाता बंद ठेवून वाजवायला सांगाल का? पियानोवाल्याला सांगाल एका हाताने वाजव म्हणून?’

‘पियानोसाठी आपलं वेगळं मॉडेल आहे सर. त्यावर सध्या ऑफर आहे.’

मी तरीही शांत राहिलो. विचारलं, चॅनेल लिंक, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र दाबणारी जोडणी, बंद करता येते का, एवढंच सीनियरला विचारा. ते म्हणाले, चॅनेल लिंक नाहीतच, स्वतंत्र आहेत, खोक्यावर लिहिलंय ना सर. मी म्हटलं, खोक्यावर लिहिलंय म्हणूनच फोन केलाय. थोडा वेळ शांतता. मग आवाज एकदम मऊ करून, आजारी माणसाशी बोलतात तसं: ‘सर, तुम्ही नवीन शिकताय का? आपल्या ॲपवर बिगिनर गिटार कोर्स आहे, पहिला महिना फ्री.’

मी संगीताच्या शिकवण्या घेतो. विद्यार्थी काय वाजवतात आणि काय विकत घेतात हे बऱ्याच अंशी मला विचारून ठरतं. असो.

फोन ठेवला आणि एसएमएस आला. तक्रार निकाली. कारण: ‘ग्राहकाची वाजवण्याची पद्धत अयोग्य.’ हे वाक्य तुमच्या कार्यालयातल्या एका माणसाने टाइप केलं आणि दुसऱ्याने मंजूर केलं. त्या दोघांना तुम्ही पगार देता.

लिंक ही वाईट गोष्ट आहे असं माझं म्हणणं नाही. कीबोर्डचा स्टिरिओ आवाज घालायचा असेल तर ती हवीच, नाहीतर जोराच्या सुरागणिक आवाज डावीकडून उजवीकडे सरकत राहतो. म्हणूनच समजूतदार कंपन्या तिथे एक छोटा खटका देतात, लिंक चालू किंवा बंद. तेही नको असेल तर निर्णय घेणाऱ्या सर्किटच्या आधी खालचे स्वर गाळणारा फिल्टर टाका, बेसचा मार कमी बसेल. हे तुमच्या डिझाइनच्या माणसांना माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. मग खोक्यावर ‘पूर्णपणे स्वतंत्र’ हे कोणाच्या सुपीक डोक्यातून आलं? ‘स्टिरिओ कॉम्प्रेसर’ छापलं असतं तर मी घेतलंच नसतं आणि आपण दोघेही सुखात असतो.

मेकअप गेन (दाबल्यानंतर आवाज पुन्हा वाढवणारा नॉब) वाढवा म्हणजे दबलेला सूर वर येईल, हाही सल्ला मेलवर मिळाला. वाढवला की फ्रेटवरचा बोटांचा खडखडाट आणि ॲम्पची सूंऽऽ तेवढी वर येते. सूर समेला बसायचा तो बसतोच. पुन्हा सांगतो, कारण प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागतं: चॅनेल स्वतंत्र नाहीत.

वाईट याचं वाटतं की तुमचा जुना डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) माझ्याकडे अजून ठणठणीत चालतोय. आतलं काम सुबक, मॅन्युअल माणसाने लिहिलेलं, आणि तेव्हा फोन केला तर उचलणारा स्वतः सोल्डरिंग करणारा असायचा. त्या नावावर भरवसा ठेवून हे पेडल घेतलं. आता नाव तेच आहे, बासरी नवीन आहे.

मला दोनपैकी एक हवंय. लिंक बंद होणारं युनिट द्या, किंवा पेडल परत नेऊन पूर्ण रक्कम परत करा. क्रेडिट नोट नको, कूपन नको, पियानोचं मॉडेल तर अजिबात नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, ती वाचा आणि शेजारी तुमचं खोकं ठेवा. तक्रार मी राहतो त्याच जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तुमच्या वकिलाला मात्र लागेल. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग, तुमचं सुसंगतता यादीचं मेल आणि तो एसएमएस जोडतोच आहे.

आपला,
अजून तरी ग्राहक

ता. क. पेडल न्यायला माणूस पाठवलात तर त्याच्याकडे पावती पुस्तक द्या. मागच्या वेळी तपासणीला नेलं तेव्हा त्याने पावतीऐवजी माझ्याच वहीच्या कागदावर सही करून दिली होती, आणि पेडल परत आलं ते ॲडॅप्टरशिवाय. तो ॲडॅप्टरही अजून तुमच्याकडेच आहे.