वाळलेली शाई म्हणजे भाजलेली शाई नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छापील इलेक्ट्रॉनिक्सबद्दल, म्हणजे प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातूच्या शाईने छापलेल्या विद्युत मंडलांबद्दल, लिहिताना ‘चांदीची शाई आता १२० अंशांना भाजली तरी चालते’ असे सर्रास म्हटले जाते. हे खोटे नाही, पण किती वेळ, किती जाड थर आणि कोणत्या फिल्मवर, हे सांगितले नाही तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला. इंकजेट शाईतले कण मात्र साधारण १० ते ५० नॅनोमीटरचे. एवढ्या बारीक कणांच्या पृष्ठभागावरचे अणू खूप आधीच सरकू लागतात आणि शेजारचे कण न वितळताच एकमेकांना जोडले जातात. शाई भाजणे म्हणजे हेच. आड येते ते कणांवरचे आवरण. बाटलीत गुठळ्या होऊ नयेत म्हणून प्रत्येक कणावर पॉलिमरचा किंवा अमाइन या सेंद्रिय रसायनाचा थर चढवलेला असतो. शाई टिकते ती त्याच्यामुळे, आणि छापल्यावर वीज अडते तीही त्याच्यामुळेच. म्हणून कमी तापमानाला घाईने वाळवलेली रेघ बोटाला लागत नाही, चकाकतेसुद्धा, पण मीटर लावला तर रोध मेगाओहममध्ये, म्हणजे दशलक्ष ओहमांत, दाखवू शकतो.

तापमान वाढवून मोकळे होता येत नाही, कारण खाली प्लॅस्टिक आहे. साधी पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक) ७५ अंशांच्या आसपास सैल पडू लागते. आधीच तापवून आकसवून घेतलेली पीईटी १५० पर्यंत निभावते. पॉलिइमाइड या दुसऱ्या प्लॅस्टिकची फिल्म ३०० अंशही सोसते, पण पिवळसर असल्याने पारदर्शक कामाला उपयोगाची नाही. फिल्म जळणे फार पुढची गोष्ट, त्याआधी ती आकसते. १०० मिलिमीटरमागे ०.१ टक्का आकसली तरी १०० मायक्रॉनचा फरक पडतो, आणि ५० मायक्रॉनच्या इलेक्ट्रोडवर पुढचा थर नेमका बसवणे मग विसराच.

आधीच आकसवलेल्या पीईटीवर व्यवहारात बसणारा क्रम असा: छापताना फिल्मखालचा प्रिंटरचा बेड ४० ते ६० अंशांवर, मग ८० अंशांना दहा मिनिटे वाळवणे, आणि त्यानंतर १३० ते १५० अंशांना अर्धा ते एक तास. ओली फिल्म थेट गरम ओव्हनमध्ये सरकवली की वर साय धरते, आतला द्रावक वाफ होऊन ती फोडतो. एकाच वेळी जाड थर दिला तर आवरण निघून जाताना तो आकसतो आणि भेगा पडतात. त्यापेक्षा दोन पातळ थर बरे, पहिला वाळल्यावर दुसरा. रेघेच्या दोन्ही कडा जाड आणि मधला भाग पातळ दिसत असेल, तर कडेचा द्रावक आधी उडून कणांना तिकडे ओढतो आहे. शाईत थोडा उच्च उत्कलनबिंदूचा द्रावक मिसळला की हे आटोक्यात येते. आणि ओव्हनच्या पडद्यावरचा आकडा हवेचा असतो, फिल्मचा नव्हे. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) फिल्मवरच चिकटवावे.

मोजमापातही घोळ होतो. दोन टोके लावून मोजले की स्पर्शाचा रोधही मिसळतो, म्हणून चार टोकांचा प्रोब हवा. अर्धा मायक्रॉन जाडीच्या थराचा शीट रोध, म्हणजे त्याच्या चौरस तुकड्याचा रोध, ०.१ ओहम प्रति चौरस आला, तर त्याला जाडीने गुणून मिळणारी पदार्थाची रोधकता ५ मायक्रोओहम-सेंटिमीटर होते, म्हणजे घन चांदीच्या तिप्पट. प्लॅस्टिकवर भाजलेल्या थरासाठी हे चांगलेच म्हणायचे. जाडी न मोजता रोधकता सांगणे मात्र निव्वळ अंदाज.

ओव्हनशिवायचे मार्गही आहेत. काही शायांत क्लोराइड आयन आवरण सोडवतात आणि खोलीच्या तापमानालाच कण जुळतात. झेनॉन दिव्याचा मिलिसेकंदांचा प्रकाशझोत टाकला तर धातू तो शोषून तापतो आणि पारदर्शक फिल्म बरीच थंड राहते, पण आत द्रावक उरला असेल तर थर उधळतो. चांदीऐवजी तांब्याची शाई घेऊन हवेत भाजली तर मात्र ऑक्साइडच हाती लागते.

यापुढे आपल्या विज्ञानविषयक मजकुरात तापमानासोबत वेळ, जाडी आणि फिल्मचे नाव छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक