मुलांना प्रार्थनेत गप्प बसायलाही शिकवूया

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बरीच वर्षं संडे स्कूल घेते आणि एक गोष्ट सारखी मनात येते म्हणून लिहितेय. आपण मुलांना प्रार्थना शिकवतो म्हणजे बोलायला शिकवतो, हे माग, ते माग, आभार मान, आमेन. देवासमोर नुसतं शांत बसायचं हे कुणी सांगतच नाही, मग चाळिशीत कुणी ध्यानाला बस म्हटलं की वाटतं हे आपलं ख्रिस्ती लोकांचं नव्हेच.

पण ते आपलंच आहे हो. जॉन कॅशियन या ख्रिस्ती साधूने सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडून शिकून लिहून ठेवलंय की बायबलमधल्या स्तोत्र ७० ची सुरुवात, देवा माझ्या मदतीला धाव, एवढीच दिवसभर मनात घोळवायची. विसाव्या शतकात जॉन मेन नावाचा आयरिश माणूस मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, एका हिंदू स्वामींकडून जप करत ध्यान करायला शिकला, पुढे बेनेडिक्टाईन या कॅथलिक संघातला साधू झाला आणि कॅशियन वाचताना त्याला कळलं की ही वाट आपल्याकडेही होती. स्वामींचं नाव त्याने कधी लपवलं नाही, मला ते फार मोठं वाटतं. जपासाठी त्याने सुचवलेला शब्द मारानाथा, बायबलमध्ये करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी आहे तो, अरामी भाषेतला, अर्थ प्रभू ये. मा-रा-ना-था, चार अक्षरं सावकाश, मनातल्या मनात.

आता वयाचं. सुरुवातीला मी सहा-सात वर्षांच्या मुलांना पंधरा मिनिटं बसवलं, ती रडकुंडीला आली, चूक पूर्ण माझी होती. लहान मुलांसाठी एक साधा हिशोब सांगतात, जितकं वय तितकी मिनिटं, म्हणजे सहा वर्षांच्याला सहा, आणि तेवढं ती खरंच छान बसतात. ऑस्ट्रेलियात टाऊन्सव्हिलच्या कॅथलिक शाळांनी तर हे वर्गात आणलं. फक्त नंतर "काय दिसलं, काय वाटलं" असं विचारू नका प्लीज. एकाने देवदूत दिसला म्हटलं की पुढच्या रविवारी सगळ्यांना दिसतो, आणि ज्याला काही दिसलं नाही ते पोर बिचारं आपलं काहीतरी चुकलं म्हणून गप्प होतं, त्या गप्प झालेल्या मुलाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

टीनएजर्सना कारण लागतं. मन भटकणारच, भटकलं की शब्दाकडे परत यायचं, त्यात नापास कुणी होत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावं. शब्दाचा कंटाळा येत असेल तर बायबलचं एखादं वचन घेऊन बसावं, बाराव्या शतकातल्या गिगो या साधूने सांगितलेल्या चार पायऱ्या आहेतच, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं राहणं. एकच ओळ तीनदा हळू वाचली तरी पुरते.

मोठ्यांनी सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं बसावं, वयस्करांनी खुर्चीत बसलं तरी चालतं, गुडघे दुखवून घ्यायची काही गरज नाही.

मंडळ्यांच्या पाळकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की दर रविवारी मुलांच्या तासातली पाच मिनिटं यासाठी काढा. आणि तेव्हा मुलांवर नजर ठेवत उभं राहू नका, त्यांच्यासोबत डोळे मिटून बसा. पहिले काही रविवार चुळबुळ होईल, होऊ द्या.

आपली नम्र,
एक संडे स्कूल शिक्षिका